पिरोश्का आजीचं ‘द्युन’

हंगेरियन भाषेतलं मला एकच क्रियापद धड येतं, आणि ते क्रियापद म्हणजे ‘येणे’. पण ते असं येतं की बुडापेस्टच्या माणसाला घाम फुटावा. परवाच डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या ऑफिसात आमच्या टीममध्ये एक नवा हंगेरियन पोरगा आला. गोरटेला, चष्मेवाला, पहिल्या दिवसाच्या इस्त्रीतला. कॉफीच्या यंत्रापाशी मी त्याला गाठलं आणि विचारलं, “द्युत्तेल?” म्हणजे, आलास का? त्याचा कप तिरका झाला, कॉफी सांडली. म्हणाला, “असं फक्त माझी आजी म्हणते! खेड्यातली!” मी म्हटलं, “माझीसुद्धा.” त्याला वाटलं बाई थट्टा करतेय. थट्टा कसली, डोंबल! त्या एका शब्दासाठी माझी आई एकदा सगळ्या गावासमोर उभी राहिली होती, आणि तो दिवस आठवला की आजही माझी मान आपोआप ताठ होते. तेव्हा तो दिवस एकदा नीट लिहूनच काढते, कारण माझी पोरं घरात मराठी ऐकतात आणि उत्तर देतात “आय एम ग्रँड, मॅम”. त्यांना हे कोण सांगणार?

आयर्लंडमधल्या पोर्टलीशला आम्ही राहायचो त्या वसाहतीत घरं जोडीजोडीनं बांधलेली. एका जोडीत दोन कुटुंबं, मध्ये एक भिंत, आणि ती भिंत आपली नावापुरती. आमच्याकडे मिक्सर लागला की पलीकडच्या कपबशा किणकिणायच्या. इकडे भांड्यांच्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आमचा प्रेस नेमका त्या भिंतीला लागून, त्यामुळे आई डबे काढता-ठेवताना पलीकडच्यांना आमच्या घरात आज काय शिजतंय ते आवाजावरून कळत असणार. बाबा वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनीअर, सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. ते ठाण्याचे, अगदी सरळ, मवाळ, पुस्तकासारखं बोलणारे. आई कुडाळकडची. ती पुस्तकासारखं कधीच बोलली नाही. माहेरी फोन लावला की मध्ये दोन-चार समुद्र आहेत हे ध्यानात घेऊन ती आवाज लावायची, आणि मग “काय गो, जेवलंस? बांगडे गावले काय?” हे आमच्या वसाहतीतल्या मांजरांनाही ऐकू जायचं. डब्लिनच्या गणपतीत एकदा एक बाई तिला कौतुकानं म्हणाल्या, “तुमची भाषा किती गोड, अगदी नाटकातल्यासारखी!” आई म्हणाली, “नाटकात आमची भाषा गेली हा बाये, आमी ती नाटकातसून नाय आणलेली.” बाबांनी घाईघाईनं मोदकाचं ताट पुढे केलं. मी मात्र खूश होते. आईला कुणी बोललं की ती परत बोलते, ह्याचा मला लहानपणापासून अभिमान, आणि तो गुण माझ्यातही पुरेपूर उतरलाय असं माझा नवरा म्हणतो, दुसऱ्या शब्दांत.

भिंतीपलीकडे रेका राहायची. माझ्याच वर्गातली, हंगेरियन, केस जवळजवळ पांढरे इतकी सोनेरी. तिचे वडील ट्रक चालवायचे, ते महिन्यातले बरेच दिवस फ्रान्स-जर्मनीच्या रस्त्यांवर. तिची आई झुझा एका हिशेबनिसाच्या ऑफिसात कामाला, नीटनेटकी, बोलणं तोलूनमापून. आणि रेकाची आजी, वडिलांची आई, पिरोश्का. तिचा आवाज म्हणून आम्हाला माहीत होता तो फक्त खसखस दळायच्या हातयंत्राचा. घर्र, घर्र, थांब, घर्र. तिकडे खसखशीच्या पोळ्या गुंडाळून भाजतात, त्यासाठी. बाकी बोलण्याचा आवाज म्हणाल तर झुझाचा, रेकाचा, आणि रविवारी प्रार्थना आटोपून जमणाऱ्या हंगेरियन कुटुंबांचा. म्हातारीचा नाही. आई म्हणायची, “त्या घरात एक माणूस मुका आसा वाटता.”

मुकं बिकं काही नव्हतं. एका शनिवारी बाबांनी बांगडे आणले. इथल्या समुद्रात बांगडा मिळतो रग्गड, आणि इथले जुने लोक त्याला नाकं मुरडतात, म्हणून स्वस्त. आईनं तिरफळं घालून तिखलं केलं. लालभडक, वर तेलाचा तवंग, वास असा की शेजाऱ्यांनी तक्रार तरी करावी नाहीतर जेवायला तरी यावं. दार वाजलं. दारात पिरोश्का आजी, अंगात फुलाफुलांचा बिनबाह्यांचा झगा, हातात कापडाची छोटी पिशवी. तिनं पिशवी उघडून आईच्या नाकाशी धरली. आत लाल मिरचीची पूड. आमच्या मसाल्याइतकी तिखट नाही, पण उन्हात वाळवलेल्या मिरचीचा तोच वास. आईनं पिशवी हुंगली, म्हातारीकडे बघितलं आणि म्हणाली, “भुतूर ये गो बाय, भायर उभी कित्याक?” आणि पिरोश्का आजी आत आली. नदीकाठची बाई ती, तिच्या गावात नदीच्या माशांचं असंच लाल कालवण कढईत करतात, हे आम्हाला नंतर रेकानं सांगितलं. जेवताना सांगायला कुणी नव्हतंच. आई मालवणीत बोलत होती, म्हातारी हंगेरियनमध्ये, आणि दोघी अशा बोलत होत्या की मध्ये मी दुभाष्या व्हायला गेले तर दोघींनी मला गप्प केलं. बांगड्याचा काटा न् काटा चोखून झाल्यावर आजी उठली, आईचा गाल थोपटला, आणि म्हणाली, “मेद्येक.”

मी शेजारून थोडं ऐकून होते, म्हटलं, “आई, त्या जाते म्हणताहेत.” झालं! आईनं म्हातारीचा हात धरला तो सोडेचना. “जातंय म्हणा नको गो! दारात उभी रवान असा म्हणतत काय? येतंय म्हण, येतंय!” आता ह्या बाईला कसं सांगायचं की आमच्यात घरातून निघताना कुणी जातो म्हणत नाही? मी जाऊन रेकाला बोलावून आणलं. रेकानं ऐकलं, हसत आजीला सांगितलं. आजी हसली नाही. ती अगदी हळू, चोरून काही खावं तसं, म्हणाली, “द्युवोक.” येते. आणि त्या दिवसापासून आमच्या दारातून निघताना ती कायम ‘येते’च म्हणू लागली. पहिल्यांदा हे झुझाच्या कानावर गेलं तेव्हा तिला वाटलं, सासूचं डोकं फिरलं. पाठ करून चालायला लागलेली बाई म्हणते, येते!

पण झुझाला खटकलं ते एवढंच नव्हतं. ते दुसरं काय होतं ते मला रेकानं शाळेच्या बसथांब्यावर सांगितलं. शहरी, पुस्तकी हंगेरियनमध्ये येणे म्हणजे ‘योन’. पिरोश्का आजीच्या गावात म्हणायचे ‘द्युन’. शहरात कुणी आलो म्हणायला ‘योत्तेम’ म्हणेल, आजी म्हणणार ‘द्युत्तेम’. आणि त्या एका अक्षरावरून तिकडे माणूस खेडवळ ठरतो. आमची ओळख व्हायच्या आधीच एका रविवारी पाहुणे आले असताना आजी चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, द्युत्तेम, आले हं. एक मिशीवाले गृहस्थ खो खो हसले, तिची नक्कल केली. झुझा लाल झाली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “योत्तेम, मामा, योत्तेम.” मामा म्हणजे तिकडे आईला मारायची हाक, झुझा सासूला तेच म्हणायची. त्या दिवसानंतर आजीनं त्या घरात तोंड उघडणंच बंद केलं. आणि आता तर तिनंच मुलाला सांगून परतीचं तिकीट काढून घेतलं होतं. रेका रडायला लागली. म्हणाली, “तिकडे तिचं कुणी नाही गं. घर कुलूपबंद आहे, शेजारची घरं पण. आई म्हणते, मामा हॉझॉ जाणार, त्यातच त्यांना बरं वाटेल.” हॉझॉ म्हणजे घरी. त्यांच्या घरात हा शब्द फक्त हंगेरीसाठी वापरायचे. ह्या घराला, जिथे रेका आणि तिची आजी एका खोलीत झोपायच्या, त्याला कुणी हॉझॉ म्हणत नव्हतं.

मला झुझाचा भयंकर राग आला. मी तसं म्हटलंही. तर रेका म्हणाली, “तुला माहीत नाही. आई पण त्याच नदीवरच्या गावातली आहे. बुडापेस्टला कॉलेजात पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून द्युत्तेम गेलं, तर वर्षभर पोरी तिला त्याच नावानं हाका मारत होत्या. तिनं तो शब्द जिभेवरून घासून घासून काढलाय.” हे ऐकून माझा राग गेला असं नाही, पण तो कुठे ठेवावा ते कळेना.

इकडे शाळेत एक वर्ष असं असतं की परीक्षा नाही, नुसते प्रकल्प. आमचं ते वर्ष चालू होतं. मिस केली म्हणून आमच्या बाई, केस विस्कटलेले, उत्साह उतू जाणारा, सगळ्याला “ग्रँड!” म्हणणाऱ्या. त्यांनी काढलं की गावात इतक्या भाषा आल्यात, तर दोघादोघांनी मिळून घरातला एकेक शब्द घ्यायचा, त्याचं मूळ शोधायचं, त्याची भावंडं शोधायची, आणि चर्चच्या हॉलमध्ये गावासमोर मांडायचं. आणि तो शब्द ज्याच्या तोंडात मुरलाय असं घरचं एक माणूस मंचावर आणायचं. रेकानं आणि मी एकमेकींकडे बघितलं. शब्द ठरलेला होता. माणूसही.

त्या दिवसांत आम्ही दोघींनी गावच्या वाचनालयात जी धूळ खाल्ली, तेवढी मी पुढे डिग्रीसाठीही खाल्ली नाही. कळलं ते असं, की हे क्रियापद फार जुनं. युरोपातल्या शेजाऱ्यांशी त्याचं नातं नाही. त्याचे नातेवाईक लांब उरल पर्वतापलीकडे, सैबेरियातल्या ओब नदीच्या बाजूला, मानसी नावाच्या मूठभर लोकांच्या बोलीत सापडतात, निदान जाणकारांचा अंदाज तसा आहे. म्हणजे घोडे हाकत, नद्या ओलांडत हंगेरियन लोक आले, तेव्हा ‘येणे’ हा शब्दही त्यांच्याबरोबर चालत आला. मग कुठे तो ‘योन’ झाला, कुठे ‘द्युन’, जुन्या प्रार्थनांमध्ये नुसता ‘यो’ राहिला. मी लगेच आमच्याकडची शिरगणती केली. बाबा म्हणतात आलो, आई म्हणते इलंय, आणि डब्लिनच्या मंडळातल्या धुळ्याच्या पाटीलकाकू अहिराणीत म्हणतात, मी उनू. एका ‘येण्या’ची इतकी रूपं, आणि कुणी कुणापेक्षा कमी आलेलं नाही! रेकाला आणखी एक गंमत सापडली. तिची आई स्वयंपाकघरातून तिला हाक मारायची, “द्येरे इदे!” म्हणजे इकडे ये. हे शुद्ध, पुस्तकी, बुडापेस्टचं हंगेरियन बरं का. आणि त्यात चक्क आजीचंच ‘द्य’ बसलेलं! रेका टेबलावर हात आपटून ओरडली, “आई दिवसभर म्हणते ते!” हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं. ती घावणे घालत होती. उरल पर्वत वगैरे तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “इतक्या लांबसून चलत इलो हा तो शब्द, पायाक माती लागतलीच मगे! ती धुवन काढूची कित्याक?” हे वाक्य मी तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली इंग्रजीत अर्थ. आमच्या तक्त्यावरचं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

आजीला मंचावर यायला तयार करणं हे मात्र वाचनालयातलं काम नव्हतं. ते आमच्या ओट्यापाशी झालं. ती रोज दुपारी यायची, कांदा चिरायची, आईबरोबर घावणे उलटायला शिकायची. आईला ती ‘शुल्बॉ’ म्हणायची. सुलभाचं शुल्बॉ झालं तरी आईनं एकदाही सुधारलं नाही. आम्ही विचारलं तेव्हा तिनं मान हलवली. नको. तिकडे ते रविवारचे लोक बसलेले असणार. रेकानं मग आम्हाला तिचं म्हणणं समजावलं. त्यांच्या गावात बाहेरून आलेल्या माणसाला ‘द्युत्तमेंत’ म्हणतात, शब्दशः आला-गेला, आणि ती शिवी असते. “आजी म्हणते, इथे मी द्युत्तमेंत, आणि माझ्या घरातही द्युत्तमेंत.” आईनं हातातला कालथा ठेवला. “आला-गेला ही शिवी? आमच्यात आल्यागेल्याचा केल्यान घराण्याचा नाव होता! आल्यागेल्याक चाय नाय दिलो तर लोक तोंडार थुकतत!” रेकानं ते जमेल तसं सांगितलं. आजी पहिल्यांदा मोठ्यानं हसली. भिंत ओलांडून गेलं असेल ते हसणं. मग डोळे पुसून म्हणाली, बरं, येईन.

हॉल भरला होता. पोलिश, लिथुएनियन, नायजेरियन आया आपापल्या ठेवणीतल्या कपड्यांत, आणि पुढे ओळीनं बसलेले आपले आयरिश शेतकरी काका, जे गावात काहीही असलं तरी येतात, कारण शेवटी चहा असतो. बाबा सुटी काढून कॅमेरा घेऊन. आई मागच्या रांगेत, मांडीवर गोड खापरोळ्यांचा डबा. आणि दुसऱ्या रांगेत झुझा, शेजारी ते मिशीवाले गृहस्थ आणि बाकीची रविवारची मंडळी. आजीचं विमान सोमवारी सकाळी होतं. तिची बॅग भरून दाराशी ठेवलीय हे रेकानं मला मंचामागे सांगितलं.

आमचं आमचं बोलून झालं. उरल झालं, योन झालं, द्युन झालं, पाटीलकाकूंचं उनू सुद्धा झालं. मग रेकानं आजीला पुढे आणलं. आजी माइकपाशी आली, समोर बघितलं, आणि तिला ती मिशी दिसली. बस्स. तिनं शेजारच्या खुर्चीची पाठ धरली आणि ओठ मिटून घेतले. रेका कानात काहीतरी सांगत होती, मिस केली लांबून अंगठा दाखवत होत्या, आणि म्हातारी जमिनीकडे बघत उभी. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. दुसऱ्या रांगेतून मिशीवाले काहीतरी पुटपुटले, दोघं हसले. झुझानं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता ही सोमवारी जाणार आणि पुन्हा कधी कुठेच बोलणार नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेत खापरोळ्यांच्या डब्याचं झाकण वाजलं. आई उठली होती. डबा बाबांच्या हातात कोंबला आणि पावसाळी जाकिटातच, पायात बूट, ती तरातरा मधल्या वाटेनं मंचावर आली. माइक हातात घेतला. आता माझ्या आईचं इंग्रजी ऐका. “वेट. इन माय प्लेस, नो गाऱ्हाणं, नो स्टार्ट. आय से. देन यू ऑल से, व्हय म्हाराजा! लाउड! नो शाय!” मिस केलींना काय कळलं देव जाणे, त्या म्हणाल्या, “ग्रँड! गो ऑन सो!”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात कुठलंही काम सुरू करताना देवाला आणि गावच्या राखणदाराला मोठ्यानं साकडं घालतात, ते गाऱ्हाणं. एकानं म्हणायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी होकार भरायचा. ते घालायचा मान पुरुषांचा. माझे आजोबा घालायचे, आणि आई लहानपणी त्यांच्या मागे उभी राहून ते ऐकायची. तिच्या गावात तिला कुणी कधी घालू दिलं नसतं. पण पोर्टलीशच्या हॉलात तिला अडवणारं कोण होतं? तिनं डोकीवरून ओढणी घेतली, हात जोडले, आणि कुडाळला फोन लावताना लागतो तो आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा!”

पहिला होकार फक्त माझा, रेकाचा आणि लांबून बाबांचा. आई थांबली, हॉलकडे बघितलं, कानाला हात लावला. पुढच्या रांगेतले एक आयरिश काका टोपी सावरत ओरडले, “व्हय माराजा!” आणि मग सगळे.

“ह्या गावचो जो कोण राखणदार आसात, त्याका आमचा नाव ठावक नसात, आमका त्याचा ठावक नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“तरी आमी त्याच्या हद्दीत रवतो, त्याचा पाणी पितो, तेव्हा त्यान आमका आपली लेकरां म्हणान सांभाळूचा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या बायच्या जिभेर जी कोण इडापिडा बसली आसात, ती ह्या हॉलाच्या भायर घालव रे म्हाराजा!”

आता छप्पर उडायचं बाकी होतं. नायजेरियन आया तर उभ्या राहून म्हणत होत्या, त्यांना असल्या होकाराची सवय असावी. आई मिशीवाल्यांकडे वळली, बोट केलं नाही, पण नजर तिकडेच.

“आणि जो कोण तिका हसात, त्याचो चाय खारट होवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” अर्थ न कळता मिशीवाले स्वतःच मोठ्यानं म्हणाले! मी हसू दाबायला तक्त्यामागे गेले. परत आले तेव्हा आईनं माइक आजीच्या हातात दिला होता आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. “बोल गो,” ती म्हणाली.

आणि पिरोश्का आजी बोलली. आवाज आधी खरखरीत, यंत्र बऱ्याच दिवसांनी फिरवावं तसा, मग मोकळा. रेका वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत होती. “मी तिसा नदीच्या काठची. लहान होते तेव्हा एके दिवशी पहाटे नदीनं बांध फोडला. माझा बाप पाण्यातून घरोघर धावत होता आणि ओरडत होता, द्युन ऑ वीझ! द्युन ऑ वीझ! पाणी येतंय! माणसं पोरंबाळं घेऊन उंचावर पळाली. गाई सोडल्या. कुणी बुडालं नाही.” तिनं श्वास घेतला. “त्या पहाटे माझ्या बापाला कुणी सांगितलं नाही, की अरे, नीट बोल.”

बाकी तिनं काही सांगितलं नाही. रेकानं तेही वाक्य इंग्रजीत सांगितलं, शेवटपर्यंत सांगितलं पोरीनं. पुढच्या काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “फेअर प्ले टू यू, मिसेस.” म्हणजे, शाब्बास बाई. मग टाळ्या सुरू झाल्या. मिशीवाले टाळ्या वाजवत होते की नाही ते मी बघितलं नाही, कारण मी झुझाकडे बघत होते. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. तीही त्याच नदीवरची. तिच्या घरातही ती पहाट कुणीतरी सांगितली असणार, आणि ज्यानं सांगितली त्यानं योन म्हटलं नसणार.

ती उठली. तिच्या त्या तोलूनमापून चालण्यानं नाही, लोकांच्या पायांवर पाय देत, खुर्च्या ढकलत ती मंचाशी आली. वर चढली नाही. खालूनच तिनं सासूकडे हात पसरला आणि सगळ्या रविवारच्या मंडळींसमोर मोठ्यानं म्हणाली, “द्युय्योन हॉझॉ, मामा.”

मला ते समजावून सांगायला रेकाची गरज नव्हती. चला घरी, मामा. पण तिनं योनचं रूप वापरलं नव्हतं. घासून काढलेला शब्द तिच्या जिभेवर अजून होता. आणि हॉझॉ म्हणताना ती हंगेरीकडे बोट दाखवत नव्हती, आमच्या वसाहतीच्या बाजूच्या दारातून बाहेर बघत होती. आई माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, “इडापिडा भायर पडली बघ.” आणि माझी आई, जी कुणाच्या बापाला भीत नाही, ती ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होती.

आजही मी माझ्या लेकीला शाळेत सोडते तेव्हा ती गाडीतून उतरते आणि तिच्या आयरिश हेलात म्हणते, “येते, मॅम.” मराठीतलं तेवढं एक तिच्या तोंडून न विचारता येतं. कुणाची पुण्याई म्हणायची ही?

त्या संध्याकाळी हॉलच्या दारात झुझानं सासूच्या अंगात कोट घातला, एक एक बटण लावलं. आजी निघताना आईकडे वळली. मला वाटलं, आता काय म्हणेल, सोमवार तर तोंडावर. तिनं आईचा गाल थोपटला आणि आपल्या जुन्या, मोकळ्या, नदीकाठच्या आवाजात म्हणाली, “द्युवोक, शुल्बॉ.” येते. आईनंही नेहमीसारखंच उत्तर दिलं, “ये गो.”

आणि सोमवारी सकाळी, विमान सुटायच्या वेळेला, पिरोश्का आजी आमच्या ओट्यापाशी कांदा चिरत होती.